चेंडू आधी, माती नंतर

खानदेशातला माणूस टीव्हीवर गोल्फ पाहायला बसला की त्याची नजर चेंडूच्या आधी मातीकडे जाते. हिरव्यागार, पैसा ओतून वाढवलेल्या गवतावर एक जण उभा राहतो, काठी फिरवतो, आणि चेंडूपाठोपाठ गवताचा चांगला वीतभर ढलपा मातीसकट हवेत उडतो. बघणारे टाळ्या वाजवतात. ज्यानं उन्हाळ्यात नांगरट केली, वखराच्या दोन पाळ्या घातल्या, तो मनात म्हणतो: एवढ्या महागाच्या गवताला खड्डा पाडला आणि वर शाबासकी कशाची?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र गोल्फच्या पुस्तकांपेक्षा शेतातल्या औताजवळ लवकर सापडतं.

या उडालेल्या ढलप्याला गोल्फवाले डिव्हट म्हणतात, आणि मागे राहिलेल्या खड्ड्यालाही डिव्हटच. मुरलेला कॅडी, म्हणजे खेळाडूच्या काठ्या वाहणारा सोबती, किंवा कोच फटका न पाहता नुसता हा खड्डा पाहून खेळाडूची अर्धी कुंडली मांडतो. खड्डा चेंडूच्या जागेपासून कुठे सुरू झाला, किती खोल गेला, कुठल्या अंगाला कलला, तोंड कुणीकडे आहे, एवढं पाहिलं की काठी कशी फिरली ते कळतं. खेळाडू काही का सांगेना, माती खोटं बोलत नाही.

गोल्फ हा आपल्या जळगाव-धुळ्याकडचा खेळ नव्हे, हे आधीच कबूल. आपल्याला गोल्फ हा शब्द ऐकू येतो तो बहुधा नाशिकला गेल्यावर, रिक्षावाल्याच्या तोंडी. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला सगळं गाव आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतं. तिथे रणजीचे सामने झाले, सकाळी लोक फेऱ्या मारतात. गोल्फचं उरलं ते नाव. खरा खेळ पाहायचा तर पुढे जावं लागतं, पुण्यात येरवड्याला किंवा मुंबईत चेंबूरला, जिथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला उदयन माने पुण्याचा. त्याच्याबरोबर तिथे उतरलेल्या अनिर्बन लाहिरीचा जन्मही पुण्यातलाच. आणि आता आपल्याकडची पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला लागली आहेत, साहेबाबरोबर कधीतरी हातात काठी धरतात, पहिल्याच फटक्याला जमिनीतलं ढेकूळ उपसतात आणि घरी फोनवर सांगतात की हा खेळ काही आपल्याला जमायचा नाही. जमेल. फक्त ढेकूळ का निघालं ते समजून घ्यायला हवं.

मैदानावरचा फटका, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठीनं गवतावरून मारलेला, असा बसतो. या काठीला आयर्न म्हणतात. खेळाडूचे खांदे, हात आणि आयर्न मिळून हवेत एक मोठं तिरकं वर्तुळ काढतात. वर्तुळ म्हटलं की त्याला तळ आलाच. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा हा तळ साधारण त्याच्या डाव्या खांद्याखाली येतो, म्हणजे चेंडू जिकडे धाडायचा त्या बाजूच्या खांद्याखाली. चेंडू ठेवलेला असतो त्या तळाच्या थोडा अलीकडे. त्यामुळे पातं चेंडूला भिडतं तेव्हा ते अजून उतरतच असतं. चेंडू उडून जातो. पातं तसंच पुढे आणि खाली जातं, गवत कापतं, तळ गाठतं आणि वर येतं. चांगल्या फटक्याचा खड्डा म्हणूनच चेंडूच्या जागेवर पडत नाही, तिच्या पुढे पडतो. लक्ष्याच्या दिशेनं दोन-चार बोटं पुढे तो सुरू होतो. सगळ्या विद्येचं बीज एवढंच आहे: आधी चेंडू, मग माती.

चेंडू आणि पातं एकमेकांना किती वेळ चिकटून असतात? सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. व्यावसायिक खेळाडूची सात नंबरची आयर्न चेंडूपाशी येते तेव्हा पात्याचा वेग ताशी १४५ किलोमीटरच्या घरात असतो. एवढ्या वेगानंही त्या क्षणभरात पातं पुढे सरकतं ते जेमतेम दोन सेंटीमीटर. तेवढ्यात ४६ ग्रॅमला किंचित कमी वजनाचा चेंडू ताशी १९० किलोमीटरच्या वेगानं सुटतो. पात्याचं वजन पाव किलोच्या थोडं वर, म्हणून टकरीत त्याचा वेग सुमारे पाव हिश्श्यानं घटतो आणि बाकीचा जोर त्याच्याजवळ शिल्लक राहतो. त्या शिल्लक जोरावर माती उडते. कॅमेऱ्याला दिसणारा तो धुरळा म्हणजे काम संपल्यानंतरचा कारभार आहे.

यातून एक गैरसमज निकाली निघतो. चेंडू ग्रीनवर, म्हणजे ज्या भोकात (होलमध्ये) तो घालायचा त्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पडून मागे सरकतो, जागच्या जागी थांबतो, तो खड्डा पाडल्यामुळे, असं नवखे खेळाडू हमखास सांगतात. खड्डा पडायच्या आधीच चेंडू निघून गेला असेल तर खड्डा त्याला फिरकी कुठून देणार? फिरकी येते ती पात्याच्या तिरकेपणातून, पातं उतरत असताना झालेल्या टकरीतून आणि पात्यावरच्या खाचांच्या घर्षणातून. सात नंबरच्या आयर्ननं मारलेला व्यावसायिकाचा चेंडू मिनिटाला सात हजारांच्या आसपास उलट्या गिरक्या घेत जातो. खड्डा हा त्याच उतरत्या चालीचा दुसरा परिणाम आहे. दोघांचं मूळ एक, पण एकानं दुसऱ्याला जन्म दिलेला नाही. हे ज्याला कळलं नाही तो फिरकीच्या नादात माती उपसत बसतो.

आता खोलीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. पातं चेंडूला भिडताना जमिनीशी जो उतरता कोन करतं, तो अमेरिकेतल्या व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या बाबतीत सात नंबरच्या आयर्नला सरासरी चार अंशांच्या आसपास असतो. तिथल्या व्यावसायिक महिलांचा दोनाच्या थोडा वर. आकडे ऐकून वाटतं, एवढ्याशा फरकानं काय होणार? शाळेतली भूमिती घेऊन बसा. वर्तुळाची त्रिज्या, म्हणजे हात आणि काठी मिळून, १.६ मीटर धरा आणि वर्तुळ जमिनीशी ६० अंशांत कललेलं. कोन चार अंश असेल तर तळ चेंडूच्या पुढे १२-१३ सेंटीमीटरवर येतो, आणि चेंडूपासून तळापर्यंत पातं आणखी खाली जातं ते फक्त साडेचार मिलिमीटर. कोन दोन अंश असेल तर एकच मिलिमीटर. आणि आठ अंश? जवळजवळ १८ मिलिमीटर.

अंश दुप्पट झाले की खोली चौपट. हे कागदावरचं गणित आहे. प्रत्यक्षात मनगटं उघडतात, कंबर पुढे सरकते, वर्तुळ नेमकं वर्तुळ राहत नाही. तरी चौपटीचा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा. जगातले उत्तम खेळाडू जो ढलपा उडवतात तो लांब असतो, पातळ असतो, आणि बहुतेक नुसतं गवत आणि त्याखालची मातीची साय असतो. बोटभर खोल खड्डा हा ताकदीचा पुरावा नाही. काठी कुऱ्हाडीच्या चालीनं वरून आली, एवढंच तो सांगतो.

वखर आणि नांगर यांतला फरक ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. वखराची पास जमिनीला जवळजवळ आडवी चालते. दोन-तीन बोटं खालून तण कापते आणि अडखळत नाही. नांगराचा फाळ तिरका घुसतो, माती उलथवतो, आणि त्याचा तिरपेपणा गरजेपेक्षा वाढला की जागेवर रुततो. बैल असतील तर त्यांच्या मानेवर येतं, ट्रॅक्टर असेल तर इंजिन घुसमटतं. गोल्फच्या फटक्यात वखराची चाल हवी. नवखा माणूस नांगर धरतो.

नांगर का धरला जातो याची कारणं दोन-तीनच आहेत, आणि तीही फिरून फिरून तीच. पहिलं आणि सर्वांत जुनं कारण म्हणजे खांद्यांची घाई. काठी वर गेल्यानंतर खाली येताना आधी कंबर वळायला हवी, मग धड, मग हात. जोर लावायच्या नादात माणूस उजवा खांदाच आधी पुढे ढकलतो. काठी शरीरापासून लांब, वरून, उभ्या चालीनं चेंडूवर येते. खड्डा खोल पडतो आणि त्याचं तोंड लक्ष्याच्या डावीकडे असतं. दुसरं कारण चेंडूची जागा: चेंडू मागच्या पायाकडे फार सरकवून ठेवला की तो वर्तुळाच्या उभ्या उतारावर येतो. तिसरं, मनगटं फार पुढे दाबून धरणं. हात चेंडूच्या पुढे थोडे असावेतच, पण अति झालं की पात्याची पुढची धार चाकूसारखी जमिनीत शिरते.

खोल खड्डा ही एक तक्रार झाली. त्याहून मोठी तक्रार खड्ड्याच्या जागेची. खड्डा चेंडूच्या आधी सुरू झाला असेल तर तो कितीही सुबक, कितीही उथळ असो, फटका बिघडलेलाच. पात्यानं आधी माती घेतली, वेग मातीत गेला, आणि चेंडू आणि पातं यांच्यामध्ये गवत-मातीचा थर आला. खाचा बुजल्या, फिरकी गेली, दीडशे मीटर जायचा चेंडू पन्नास-साठ मीटरवर लोळला. कधी उलटंही होतं: पातं मागे जमिनीवर आपटतं, उसळतं आणि चेंडूच्या डोक्यावर बसतं, चेंडू सरपटत सुसाट जातो. दोन फटके दिसायला अगदी वेगळे, रोग एकच. तळ मागे राहिला.

तळ मागे का राहतो? शरीराचं वजन मागच्या पायावर राहिलं म्हणून. आणि वजन मागे का राहतं? चेंडूला वर उचलायच्या इच्छेमुळे. चेंडू हवेत जायला हवा, म्हणून माणूस नकळत मागे झुकतो आणि मनगटांनी पळीनं आमटी वाढावी तसा चेंडू उचलू पाहतो. पात्याला तिरकेपणा कारखान्यातच दिलेला आहे. सात नंबरच्या आयर्नला तो ३० अंशांच्या आसपास असतो. चेंडू उचलायचं काम पात्याचं आहे. माणसानं फक्त पुढच्या पायावर यायचं. बहुतेक कोच शिकवण्याच्या पहिल्या महिन्यात हे एकच वाक्य वेगवेगळ्या चालीत म्हणत असतात.

दिशेबद्दल मात्र जरा जपून. डावीकडे तोंड असलेला खड्डा म्हणजे काठी बाहेरून आत आली, उजवीकडे तोंड म्हणजे आतून बाहेर गेली, हे ठोकताळे खरे आहेत. पण थोडा डावीकडे वळलेला खड्डा उत्तम खेळाडूचाही असतो. तो चेंडूच्या पुढे पडतो, आणि तोपर्यंत तिरक्या वर्तुळावरचं पातं डावीकडे वळू लागलेलं असतं. शिवाय चेंडू सुटताना कुणीकडे निघतो हे मुख्यतः टकरीच्या क्षणी पात्याचं तोंड कुठे होतं यावर ठरतं, आणि पात्याच्या तोंडाची खूण जमिनीवर उमटत नाही. चेंडू उजवीकडे गेला आणि खड्डा डावीकडे पाहतो आहे, असं दृश्य मैदानावर रोज दिसतं; तो माणूस काठीला दोष देत असतो. खड्डा वाचावा, पण त्याच्याकडून सगळीच उत्तरं मागू नयेत.

खड्ड्याची एक बाजू दुसरीपेक्षा खोल असेल तर ती खूण काठीच्या मापाची असू शकते. पायाकडची, म्हणजे टाचेकडची बाजू खोल गेली तर त्या माणसाच्या उंचीला काठी फार उभी पडते; टोकाकडची बाजू खोल गेली तर फार आडवी. उसन्या काठ्या घेऊन खेळणाऱ्यांना हे हटकून दिसतं, आणि ते बिचारे स्वतःची चाल बदलत बसतात.

सगळ्या काठ्यांनी खड्डा पाडायचाच असतो असंही नाही. लांब पल्ल्याच्या पहिल्या फटक्याला चेंडू टीवर, म्हणजे लहानशा खुंटीवर, उंच ठेवलेला असतो आणि ड्रायव्हर नावाची लांब काठी त्याला सपाट किंवा किंचित वर येत्या चालीनं झोडपते. तिथे माती हललीच तर चूक झाली. लांब काठ्यांचं वर्तुळ मोठं आणि चाल आडवी, त्यामुळे त्या गवत नुसतं पुसून जातात. काठी जसजशी आखूड होत जाते तसतशी चाल उभी होते आणि ढलपा मोठा. सर्वांत आखूड काठ्या म्हणजे वेज. त्यांच्या तळाची रचना मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. वेजच्या तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली असतो, त्यामुळे पातं मातीत शिरलं तरी खोल न जाता वर सरकतं. याला बाउन्स म्हणतात. कुठल्या वेजला तो चार-पाच अंश असतो, कुठल्या दहाच्या वर. वाळूत चालणारी आजची वेज रूढ केली ती अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेननं. त्यानं साध्या काठीच्या तळाला मागून डाख चढवून तिचा बाक वाढवला आणि ती घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. कल्पना विमानाच्या शेपटीवरून सुचली असं तो सांगत असे. रुतणारं पातं सरकतं करायचं, एवढीच ती युक्ती.

इथे मातीचा विषय येतोच, आणि मातीवर बोलायचा खानदेशाला अधिकार आहे. तीच चाल, तीच काठी, पण जमीन बदलली की खड्डा बदलतो. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठची आपली काळी माती बसाल्टची झीज होऊन बनलेली, चिकणमातीचं प्रमाण भरपूर. त्या चिकणमातीतलं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसात तीच माती चपलेला धरून बसते. अशा जमिनीवर वैशाखात आयर्न मारली तर ढलपा निघणारच नाही. पातं दगडावर आपटल्यासारखं उसळेल आणि मनगटं झिणझिणतील. भर पावसाळ्यात मारली तर पातं रुतेल आणि खाचांत चिखल भरेल. मध्ये कधीतरी वापसा येईल, ते आठ-दहा दिवस गोल्फ खेळण्यासारखे, आणि नेमकी तेव्हाच पेरणीची घाई. चिकणमातीच्या जमिनीवर मैदान करायचं तर म्हणूनच वर वाळूचा थर देतात. वाळूतून पाणी झिरपतं, वापशाची अवस्था वर्षभर टिकवता येते, आणि ढलपा स्वच्छ कापला जातो. कडक जमिनीवर कमी बाउन्सची वेज आणि आडवी चाल, मऊ जमिनीवर जास्त बाउन्स, हा खेळाडूंचा नियम याच कारणानं आहे.

गवताची गोष्ट तर याहून गमतीची. उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात, ते म्हणजे आपली हरळी. तीच, जी गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो आणि कपाशीच्या शेतात दिसली की कपाळाला आठ्या घालतो. मैदानावर मुख्यतः तिचे संकर लावतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी १९६० मध्ये प्रसारित झालेला टिफवे हा प्रसिद्ध संकर हरळी आणि तिची एक आफ्रिकन बहीण यांचा. त्याला बी धरत नाही. काशा लावूनच वाढवावा लागतो. शेतकरी ज्या काशा उन्हाळी नांगरटीत वेचून बांधावर टाकतो, त्या तिथे गाडीनं विकत येतात!

आता खड्ड्याशी याचा संबंध पाहा. हरळी जमिनीवर धावते आणि जमिनीखालीही धावते. वरचा पातळ ढलपा उडाला तर खाली काशा शाबूत राहतात आणि उन्हाळ्यात बघता बघता फुटतात. पातं खोल गेलं आणि काशाच उपटून आल्या, तर त्या जागेला बाजूनं गवत सरकत यायची वाट पाहावी लागते. म्हणजे ज्याची चाल वखराची, त्याचा खड्डा लवकर भरतो. ज्यानं नांगर चालवला, त्याची खूण कितीतरी दिवस राहते. हरळीला ऊन प्यारं, थंडीत ती झोपते. डिसेंबर-जानेवारीत पाडलेला खड्डा म्हणूनच जास्त दिवस उघडा राहतो. स्कॉटलंडसारख्या थंड मुलखातलं गवत वेगळं. तिथे ढलपा एकसंध निघतो, उचलून परत जागेवर बसवून पायानं दाबला की पुन्हा मूळ धरतो. हरळीचा ढलपा हवेतच विस्कटतो, परत बसवायला काही उरत नाही. म्हणून तिथे खड्ड्यात वाळू भरतात.

ज्यांना गवतच मिळालं नाही त्यांच्याकडूनही शिकण्यासारखं आहे. चेंबूरच्या क्लबच्या आसपासच्या वस्त्यांतली, कॅडीचं काम करणारी पोरं गल्लीत गोल्फ खेळतात हे वर्तमानपत्रांतून, छायाचित्रांतून बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी, प्लास्टिकचा चेंडू, आणि खाली सिमेंट. सिमेंटवर खड्डा पाडायची सोयच नाही. तळ जरा चुकला की सळईचा झटका थेट कोपरापर्यंत. अशा जमिनीवर पातं आपोआप चेंडूच निवडायला शिकतं. श्रीमंतांच्या सराव मैदानांवर मात्र हिरव्या चटया अंथरलेल्या असतात, आणि चटई दोष लपवते. पातं चेंडूच्या चार बोटं आधी टेकलं तरी चटईवरून घसरत जाऊन चेंडूला बऱ्यापैकी लागतं. माणूस खूश होतो. तोच फटका गवतावर मारला की ढेकूळ. चटईवर महिनोन्महिने घालवून मैदानावर उतरणाऱ्यांची दैना बघण्यासारखी असते, आणि चूक चटईची आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

स्वतःची चाल तपासायची असेल तर चेंडूचीही गरज नाही. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्कीची एक सरळ रेघ गवतावर ओढा. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहून काठी फिरवा, एक पाऊल सरकून पुन्हा फिरवा. दहा-बारा फटक्यांनंतर रेघेकडे पाहा. सगळ्या खड्ड्यांची सुरुवात रेघेवर किंवा तिच्या पुढे असेल तर तळ जागेवर आहे. रेघेच्या मागे-पुढे विखुरलेली असेल तर वजन कधी पुढे येतं, कधी मागेच राहतं. पहिल्या प्रयत्नात सगळे खड्डे मागे पडले तर खट्टू होऊ नये. बहुतेकांचे तसेच पडतात. खोलीकडे त्या दिवशी पाहूच नये. आधी जागा, मग खोली, दिशा सर्वांत शेवटी. ‘माती उडव’ असं सांगून शिकवणारा कोच भेटला तर दुसरा शोधावा, असं माझं स्पष्ट मत आहे. माती उडवायची नसते, ती उडते.

सरावाच्या जागी माळी लोकांची आणखी एक विनंती असते. प्रत्येक चेंडू आधीच्या खड्ड्याच्या लगेच मागे ठेवावा, म्हणजे खड्डे जोडले जाऊन एक अरुंद पट्टा तयार होतो आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जिवंत गवत राहतं. तिथून काशा आत सरकतात. इकडे-तिकडे मारत सुटलं किंवा एकाच जागी वीतभर चौकोन खरवडला, तर तेवढ्याच फटक्यांत गवताचं नुकसान कितीतरी जास्त.

आणि दुसऱ्यानं पाडलेल्या खड्ड्यात आपला चेंडू जाऊन बसला तर? गोल्फचा नियम इथे कठोर आहे. चेंडू जिथे पडला तिथूनच खेळायचा. फटक्याआधी तो खड्डा बुजवायला किंवा ढलपा परत बसवायला परवानगी नाही. १९९८ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी पेन स्टुअर्ट आघाडीवर असताना बाराव्या होलला त्याचा चांगला मारलेला चेंडू फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, मधोमध, वाळू भरलेल्या अशाच एका खड्ड्यात जाऊन थांबला. तिथे त्याचा एक फटका वाढला, आणि ली जॅन्झनकडून तो स्पर्धा हरला तोही एका फटक्यानं. पुढच्याच वर्षी त्यानं ती जिंकली, पण त्या खड्ड्याची चर्चा अजून होते. नियम बदलावा असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला नियम बरोबर वाटतो. खड्डा कुठे संपला आणि खडबडीत गवत कुठे सुरू झालं याचा वाद प्रत्येक होलला कोण सोडवणार?

तेव्हा पुण्यात, मुंबईत किंवा कुठेही खेळायची वेळ आली तर वाळूची बाटली बरोबर घ्या आणि आपला खड्डा आपण भरून पुढे जा. वाळू जमिनीच्या पातळीपर्यंतच भरायची आणि पायानं दाबायची. वर ढीग ठेवला तर दुसऱ्या दिवशी गवत कापायच्या यंत्राची पाती त्यावर बोथट होतात.